थप्पी मोजू नका, गोण उघडून बघा

(मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी डॉक्टर नाही. मॅट्रिक झालो आणि गोदीत लागलो. दिवसा बोटीतला माल उतरवतो, रात्री कविता लिहितो. मेडिकलच्या पोरापोरींपुढं उभं राहायचा याला काय हक्क, असं कुणाच्या मनात आलं असेल तर बरोबरच आहे. हक्क एवढाच की आमच्या गल्लीतला एक पोरगा तुमच्यातच शिकतो. महिन्याभरापूर्वी त्यानं मला एक प्रश्न घातला. तो प्रश्न मला झोपू देईना.

पोरगा एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला. आई चार घरची धुणीभांडी करते. त्यानं मोबाईल पुढं केला. "दादा, हे वाच." कुणा एजंटाचा मेसेज होता. आठ हजार भरा, केस रिपोर्टात तिसरं नाव तुमचं. पंधरा हजार भरा, पहिलं नाव तुमचं. वीस दिवसांत छापून हातात. खाली ठळक अक्षरात : अमेरिकेतल्या रेसिडेन्सीसाठी अत्यावश्यक. आई बचत गटातून पैसे उचलायला तयार झालेली. पोरगा म्हणाला, "दादा, असले बारके बारके पेपर खरंच कामाला येतात का? का नुसता धंदा हाय?"

मला काय ठाऊक? पेपर म्हटला की मला वर्तमानपत्र कळायचं. पण महिनाभर वाचलं. ज्यांना कळतं त्यांच्या पायऱ्या झिजवल्या. हाती लागलं ते तुमच्यापुढं ओततो. चुकलो तर इथंच कान धरा.

आधी जागा नक्की करू. हा प्रश्न मुळात अमेरिकेतला आहे. आपल्याकडं एमडी-एमएसची सीट नीट-पीजीच्या मार्कांवर आणि आरक्षणाच्या नियमांवर मिळते. तिथं पेपर कुणी विचारत नाही. एक छापा, पन्नास छापा, रँक तसूभर हलत नाही. म्हणजे ज्याला इथंच एमडी करायचंय, त्यानं सीटसाठी म्हणून एजंटाला दिलेला रुपया सरळ समुद्रात टाकला. हे पहिलं गाठीला बांधा.

अमेरिकेत गोष्ट निराळी. तिथं 1952 पासून 'मॅच' नावाची पद्धत चालते. विद्यार्थी अर्ज पाठवतो. हॉस्पिटलचे विभाग अर्ज चाळतात, थोड्यांना मुलाखतीला बोलावतात. मग दोघंही आपापल्या पसंतीच्या याद्या देतात. कॉम्प्युटर जोड्या लावतो आणि मार्चमध्ये निकाल लागतो. अर्जात सगळं बघतात : परीक्षा, कॉलेजचं पत्र, बरोबर काम केलेल्या डॉक्टरांची शिफारसपत्रं, अनुभव, आणि संशोधन.

आता या चाळणीत एक बदल झाला. यूएसएमएलई नावाच्या परीक्षेची पहिली पायरी, स्टेप 1. तिचे मार्क बघून विभागवाले अर्जांचा ढीग कमी करायचे. 26 जानेवारी 2022 पासून त्या परीक्षेला मार्क देणं बंद झालं. आता फक्त पास नाहीतर नापास. हेतू चांगला होता, पोरांच्या मानेवरचा ताण कमी व्हावा. पण ढीग तर तेवढाच राहिला. चाळणी काढून घेतली की माणूस दुसरी चाळणी शोधतो. स्टेप 2 सीकेला मार्क आहेत, ते जड झाले. ओळखीपाळखीची पत्रं जड झाली. आणि कागदांची संख्या जड झाली.

किती जड? तिथली मॅच चालवणारी संस्था आकडे छापते. 2022 साली न्यूरोसर्जरीत जागा मिळालेल्या अमेरिकन एमडी विद्यार्थ्यांच्या नावावर सरासरी 25च्या वर गोषवारे, सादरीकरणं आणि पेपर होते. 2024 साली तोच आकडा 37च्या वर गेला. त्वचारोगात जवळपास 21 वरून 27च्या वर. दोन वर्षांत! आता सांगा, चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोरानं डॉक्टरकी शिकता शिकता 37 शोध लावले? आइन्स्टाईनची अख्खी चाळ वसली काय तिथं?

इथं मला माझी गोदी आठवली.

माझ्या आज्यानं गोणी वाहिल्या. हल्ली आमच्याकडं लोखंडाच्या कॉइल उतरतात. पण टॅली क्लार्क तेव्हाही होता, आजही आहे. तो हातात पेन्सिल घेऊन उभा राहतो आणि मोजतो. आज्या सांगायचा, गोण भरलेली असो, फाटकी असो, तळातून अर्धी सांडलेली असो, टॅलीवर रेघ एकच. आत साखर आहे का भुसा, ते टॅलीला कळत नाही. थप्पी दिसते. माल दिसत नाही.

त्या 37 आकड्यात गोषवारा एक, पोस्टर एक, पेपर एक, सगळं एकत्र मोजलेलं असतं. एकाच कामाचा आधी परिषदेत गोषवारा, मग भिंतीवर पोस्टर, मग मासिकात पेपर. गोण एक, रेघा तीन. पहिलं नाव तुमचं का दहावं, त्या सरासरीत भेद नाही. म्हणून तो आकडा ऐकून छाती फुटू देऊ नका. तो मालाचा आकडा नाही, टॅलीचा आहे.

शिवाय तो आकडा कोणाचा? अमेरिकेतल्या कॉलेजात शिकलेल्यांचा, आणि सगळ्यात चुरशीच्या शाखांचा. फॅमिली मेडिसिनमध्ये, इंटर्नल मेडिसिनमध्ये थप्पी याहून पुष्कळ लहान असते. आणि आपल्यासारखे परदेशातून जाणारे मुख्यतः तिथंच जागा मिळवतात. न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी, त्वचारोग इथं परदेशी पदवीला दार किलकिलं आहे. 2024च्या मॅचमध्ये अमेरिकन एमडी विद्यार्थ्यांत शंभरात 93 जणांना जागा मिळाली. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांत शंभरात 58 जणांना. हा फरक आठ हजाराच्या कागदानं भरून निघेल असं वाटत असेल तर एजंट तुम्हाला फसवत नाही, तुम्हीच स्वतःला फसवताय.

तर मग छोटे पेपर कामाला येतात का? सरळ उत्तर देतो. येतात. थोडे येतात. आणि चार अटींवर येतात.

अट पहिली. काम तुमचं असलं पाहिजे. तुम्ही अर्जात जे जे लिहिता त्यातलं काहीही मुलाखतीत विचारता येतं. समोरचा म्हणतो, या केसबद्दल सांगा. रुग्णाला आधी काय झालं, दुसरी कोणती शंका आली, ती का सोडली, तुम्ही स्वतः काय केलंत? ज्यानं रुग्णाच्या खाटेशी बसून ते लिहिलं, तो दहा मिनिटं बोलतो, डोळ्यांत चमक येते. ज्यानं नाव विकत घेतलं, त्याच्या घशाला कोरड पडते. एक खरा कागद दहा मिनिटं पुरतो. दहा खोटे कागद एक मिनिट पुरत नाहीत.

अट दुसरी. ज्याच्या हाताखाली काम केलं त्यानं तुमच्याबद्दल चार खऱ्या ओळी लिहाव्यात. विभागप्रमुखांना विचारतात तेव्हा परीक्षा, शाखेतल्या डॉक्टरांची पत्रं, मुलाखत, यांना बहुतेक शाखांत संशोधनापेक्षा वरची जागा मिळते. मोठ्या विद्यापीठांचे संशोधनवाले विभाग सोडा, ते निराळं. म्हणजे छोट्या पेपरातून मिळणारी मोठी कमाई पेपर नाही. मोठी कमाई ही, की एका शिकलेल्या माणसानं तुम्हाला काम करताना बघितलं.

अट तिसरी. विषय जिथं जायचंय त्या रस्त्यावरचा असावा. हाडांच्या शाखेत जाणाऱ्याच्या नावावर दाताचा, डोळ्याचा, केसांचा असा भेळपुरी कागद असला की वाचणाराला वास येतो.

अट चौथी. मासिक खरं असावं. तिथं जाणकार आधी वाचतात, खोट काढतात, परत पाठवतात. वीस दिवसांत छापून देण्याची हमी देतो तो संपादक नाही, झेरॉक्सवाला आहे. हैदराबादच्या ओमिक्स नावाच्या प्रकाशन कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगानं 2016 साली खटला भरला, आणि 2019 साली तिथल्या न्यायालयानं पाच कोटी डॉलरच्या वर भरायला सांगितलं. आपल्या यूजीसीनं 2018च्या मे महिन्यात स्वतःच्याच मान्य यादीतून 4,305 मासिकं काढून टाकली. हे जग अमेरिकेला ठाऊक आहे. अर्ज वाचणाराही ते ओळखतो. आणि अर्जात खोटं लिहिलेलं सापडलं तर त्याची चौकशी होते. गेलेलं नाव मग कोणी छापून देत नाही.

हा एजंट कोण, ते मी पहिल्या मिनिटाला ओळखला. माझ्या आज्याच्या बापाच्या वेळी गोदीत टोळीवाला असायचा. बोट लागली की काम त्याच्या हातात. त्याला चिरीमिरी दिली तर हजेरी, नाहीतर जा घरी. 1948 साली गोदी कामगारांचा कायदा झाला, युनियन लढली, तेव्हा कुठं टोळीवाल्याची मान मोडली. आज तोच टोळीवाला पांढरा कोट घालून मोबाईलमध्ये आलाय. गुरुजींना बढतीला पेपर पाहिजेत. पोरांना अर्जाला पेपर पाहिजेत. मधे हा उभा, दोन्हीकडून खातो. आणि सगळ्यात जास्त कोणाचं खातो? ज्याच्या घरात पहिलाच डॉक्टर होतोय त्याचं. डॉक्टरच्या पोराला बाप सांगतो की कुठला कागद खरा, कुठला भुसा. आपल्या पोराला कोण सांगणार? आई? ती तर बिचारी बचत गटाच्या रांगेत उभी आहे.

आणि खऱ्या कामालाही वेळ लागतो. अमेरिकेत चुरशीच्या शाखेसाठी कित्येक पोरं एक वर्ष नुसती संशोधनाला देतात. इथून जाणारे पुष्कळजण तिथं विनापगारी राबतात. वर्षभर बिनपगारी कोण राबू शकतो? ज्याच्या घरी चूल पेटायला त्याचा पगार लागत नाही तो. म्हणजे थप्पीची शर्यत लावली की गुणवत्ता मोजल्यासारखं दिसतं, आणि मोजली जाते ती बापाची ऐपत. हे दार कसं बांधतात ते काळ्या अमेरिकनांना विचारा. 1910 साली फ्लेक्सनरचा अहवाल आला. वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा वाढवायचा म्हणून. दर्जा वाढला खरा, आणि काळ्यांची सात मेडिकल कॉलेजं होती त्यातली पाच बंद पडली. हॉवर्ड आणि मेहॅरी, दोनच उरली. दर्जा हा शब्द ऐकला की आधी बघायचं, उंबरा कोणाच्या पायापुढं उंच केलाय.

आता म्हणाल, हा गोदीवाला आम्हाला छोट्या पेपराचा तिटकारा शिकवतोय. नाही दोस्तांनो. उलट आहे. त्याच 1910 साली शिकागोत एक छोटा पेपर छापला गेला. एकच रुग्ण. केस रिपोर्टच तो. त्याची गोष्ट ऐका.

ग्रेनाडा बेटावरून एक काळा तरुण दंतवैद्यक शिकायला शिकागोला आला होता. वॉल्टर क्लेमेंट नोएल. 1904च्या डिसेंबरात तो हॉस्पिटलात भरती झाला. खोकला, धाप, रक्त कमी. एका इंटर्ननं त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली घातलं आणि त्याला विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्या. इंटर्नचं नाव अर्नेस्ट आयर्न्स. तुमच्याच वयाचा. त्यानं त्या पेशी वरिष्ठांना, डॉक्टर हेरिकना दाखवल्या. 1910 साली हेरिकनी पेपर छापला. जगाला सिकल सेल आजार त्या कागदानं दाखवला. पेपरावर नाव एकट्या हेरिकचं. इंटर्न लेखकांत नाही. आणि ज्याचं रक्त, त्या नोएलचं तर नावच नाही. तो शिकून ग्रेनाडाला परत गेला, दात काढत राहिला, 1916 साली मेला. वय अवघं बत्तीस.

एवढ्याशा कागदात सगळं आलं बघा. छोटा पेपर केवढा मोठा असू शकतो ते आलं. पाहिलं कोणी आणि नाव कोणाचं, ते आलं. आणि कोणाच्या देहावर लिहिलं, तेही आलं.

नावाची गोष्ट निघाली म्हणून दुसरा माणूस सांगतो. व्हिव्हियन थॉमस. काळा, सुताराचा पोरगा, पैशाअभावी कॉलेज हुकलेला. प्रयोगशाळेत त्याचं काम संशोधकाचं, पण हुद्दा आणि पगार झाडूवाल्याचा. निळ्या पडणाऱ्या बाळांच्या हृदयाची शस्त्रक्रिया त्यानं कुत्र्यांवर करून बसवली. 29 नोव्हेंबर 1944 ला जॉन्स हॉपकिन्समध्ये पहिलं बाळ टेबलावर आलं तेव्हा सर्जन ब्लॅलॉकच्या खांद्यामागं तो उभा होता आणि टाका कसा घालायचा ते सांगत होता. 1945चा पेपर निघाला ब्लॅलॉक आणि टॉसिग यांच्या नावानं. थॉमस कुठंच नाही. त्याला मानद डॉक्टरकी मिळाली 1976 साली. म्हणून सांगतो, कामाला हात लावायच्या आधी नावाचा क्रम विचारा. लाजू नका. आम्ही गोदीत पाळी चालू व्हायच्या आधी हजेरी लावून घेतो, नंतर नाही. आणि तोच नियम आपल्यालाही लागू करा : ज्यानं काम केलं नाही त्याचं नाव नको. फुकटचा साहेब नको, फुकटचा मित्रही नको, आणि आपलं फुकटचं नाव तर नकोच नको.

आता हा सिकल सेल आपल्या घरी कसा येतो ते बघा. 1971 साली अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरनी आपल्या फुकट दवाखान्यांतून या आजाराची तपासणी वस्तीवस्तीत सुरू केली. सरकारला लाज वाटावी एवढं काम केलं. 1972 साली तिथं सिकल सेलचा कायदा झाला. त्याच 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव तिथलं घेतलं. पण आजारही एकच होता हे आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक होतं? 1958 साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये मध्य भारतातल्या सिकल सेलवर छोटासा पेपर छापला होता. विदर्भातल्या आपल्या माणसांच्या रक्तात तेच विळे होते. कागद सांगत होता. आपण वाचत नव्हतो, सरकारही वाचत नव्हतं. सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन निघालं 1 जुलै 2023 ला. पासष्ट वर्षं! पासष्ट वर्षं आपल्या पोरांची हाडं दुखत होती आणि आया म्हणत होत्या, थंडी लागली असंल.

म्हणून मला छोट्या पेपराचा राग नाही. मला पोकळ पेपराचा राग आहे. आपल्या बापानंही पहिला पेपर विद्यार्थी असतानाच वाचला. 9 मे 1916, कोलंबिया विद्यापीठ, प्रोफेसर गोल्डनवायझर यांचा सेमिनार. वय पंचवीस. विषय, हिंदुस्थानातील जाती. पुढच्या वर्षी तो इंडियन अँटिक्वेरीत छापला. अर्जाला रेघ वाढावी म्हणून बाबासाहेबांनी तो लिहिला नव्हता. जी गोष्ट त्यांच्या पाठीवर वळ उठवत होती, तिच्याकडं त्यांनी सूक्ष्मदर्शकातून बघितलं. शंभराच्या वर वर्षं झाली, तो कागद अजून बोलतोय.

तर करायचं काय? भाषण देऊन हात झटकणाऱ्यातला मी नाही. चार कामं सांगतो.

एक. पैसे देऊन नाव घ्यायचं नाही. ज्यानं घेतलंय त्याला वाळीत टाकू नका, त्याला जवळ बसवा आणि एजंटाचं नाव विचारा.

दोन. फुकटचे आणि खरे रस्ते माहीत करून घ्या. आयसीएमआरची एमबीबीएस विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची संशोधन योजना 1979 पासून आहे. स्वतःचा प्रश्न लिहायचा, कॉलेजातला एक मार्गदर्शक धरायचा, प्रस्ताव पाठवायचा. मंजूर होऊन अहवाल पास झाला की विद्यावेतन आणि प्रमाणपत्र दोन्ही. हे प्रत्येक हॉस्टेलच्या भिंतीवर चिकटवा. ज्याला एकदा जमलं त्यानं खालच्या वर्षाच्या दोघांना शिकवायचं. डॉक्टरच्या पोराला जे बाप सांगतो ते आपल्या पोराला आपण सांगायचं. संघटना म्हणजे दुसरं काय असतं?

तीन. प्रश्न आपल्या वस्तीतून उचला. गटारात उतरणाऱ्यांची फुप्फुसं. दगडखाणीतल्यांचा सिलिकोसिस. टीबीचा कोर्स मधेच का सुटतो. तुम्हाला रुग्ण शोधायला जावं लागत नाही, तुम्ही त्यांच्यातूनच आलात. विषय निवडताना जायच्या शाखेची सांगड घाला, पण जीव आपल्या माणसात असू द्या.

चार. हे सगळ्यात महत्त्वाचं. जनरल वॉर्डात जी बाई झोपलीय, जिच्याभोवती उभं राहून तुम्ही "इंटरेस्टिंग केस" म्हणता, ती माझी आई आहे. तुमचीही आहे. तिच्यावर लिहायचं असेल तर तिच्या भाषेत तिला विचारा. फोटो काढायचा असेल तर का काढता ते सांगा. अंगठा घेण्याआधी समजावून सांगा. तिनं नाही म्हटलं तर उपचारात फरक पडणार नाही हेही सांगा. छापून आलं की तिला जाऊन सांगा, बाई, तुमच्यामुळं हे कळलं. नोएलला हे कुणी सांगितलं होतं असं मला कुठं वाचायला मिळालं नाही.

अमेरिकेला जा. जरूर जा. बाबासाहेब 1913 साली गेले. तिथल्या टॅलीवर रेघा लागतात तर त्याही मिळवा, लाज कसली? पण रेघेमागं गोण असू द्या आणि गोणीत दाणा असू द्या. दोन खरे कागद, एक खरं पत्र, आणि स्टेप 2चा घासून केलेला अभ्यास. हे त्या पंधरा हजाराच्या चिठोऱ्याहून जड आहे. वजन उचलणारा माणूस सांगतोय. वजनातलं मला कळतं.

तो पोरगा आज इथं बसलाय का, ते मी सांगणार नाही. त्यानं पैसे भरले का, तेही विचारू नका. त्या रात्री त्याला मी एवढंच म्हटलं, "आईला सांग, बचत गटाची रांग सोड. आणि उद्या वॉर्डात गेलास की एका रुग्णाशेजारी नेहमीपेक्षा पंधरा मिनिटं जास्त बस. नीट बघ. न कळलेलं लिहून ठेव." काल रात्री तो परत आला. हातात शंभर पानी वही. तीन पानं भरलेली. म्हणाला, "दादा, एक गोष्ट दिसली वॉर्डात. पुस्तकात तशी नाही. सरांना विचारू का?"

मी म्हटलं, "विचार. आणि पहिल्या पानावर तारीख घाल."

जय भीम.